कापून ठेवलेली दोन हात फिल्म

संपादकांचं पत्र आलं की जालन्यात टॉकी नवीन होती तेव्हा तुम्ही गावाची चित्रं टिपत होतात, त्या दिवसांच्या गमतीजमती लिहा. चार पानं, हलकंफुलकं, दिवाळीचा अंक आहे. आता माझे दात गेले, कान गेले, आणि हलकंफुलकं लिहायला बसलो की हात आधी कपाटातल्या बिस्किटाच्या डब्याकडं जातो. तरी गमती आधी सांगून टाकतो, मंग सांगायचं ते सांगतो. संपादकांना मागचा भाग नको वाटला तर त्यांनी तो खुशाल कापावा. कापण्याबद्दल मी तक्रार करणं बरं दिसणार न्हाई, मीही तेच काम केलं.

तेव्हा आम्ही हैदराबाद संस्थानात होतो. टॉकीजच्या शेठजींनी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या मूकपट कंपनीचा लाकडी कॅमेरा आणला. धान्याच्या पायलीएवढी पेटी, तीन पायांची घोडी, बाजूला हँडल. त्या कंपनीत पूर्वी कॅमेऱ्यावर मदतनीस असलेले एक गृहस्थ जुन्या जालन्यात फोटोचं दुकान चालवायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत, मीही म्हणायचो, आणि मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं. त्यांच्या हाताला कंप सुटला होता म्हणून हँडल माझ्याकडं आलं. सेकंदाला तीन फेरे, कमी न्हाई, जास्ती न्हाई. हात मंदावला की पडद्यावर माणसं बाहुल्यांसारखी तुरुतुरु पळतात. उस्ताद म्हणायचे, आईला जात्यावर बसलेलं बघितलंस ना, तसं फिरव.

मुख्य खेळाच्या आधी पाच मिनिटं आम्ही ‘आपलं गाव’ दाखवायचो. बाजार, उरूस, कुस्त्या, जिनिंगमध्ये आलेल्या कापसाच्या गाड्या. लोक सिनेमाला यायचे ते स्वतःला बघायला. एक पाटील पान थुंकताना दोन क्षण दिसले, तर सात दिवस रोज आले, आणि शेवटच्या दिवशी बैलगाड्या जोडून अख्खं गाव घेऊन आले. एक बाई थेट माझ्या दारात येऊन भांडली, कारण तिचा नवरा ‘कामाला गेल्तो’ म्हणाला होता आणि पडद्यावर तमाशाच्या तंबूबाहेर उभा होता. तो म्हणे मी नव्हेच. ती म्हणाली, सदरा मी शिवलाय.

आता कापण्याचं सांगतो. टिपलेली सगळी फिल्म दाखवायची नसते. हललेलं, अंधारलेलं, कुणी मध्येच आडवं आलेलं, ते कात्रीनं काढायचं आणि टोकं अर्कानं चिकटवायची. पण काढलेला तुकडा फेकायचा न्हाई, हा उस्तादांचा कायदा होता. खिळ्याला टांगायचा, मंग चिठ्ठी लावून डब्यात. आमच्याकडं फिल्म म्हणजे मुंबईच्या कंपन्यांची उरलीसुरली टोकं, ती फेकणार कोण? शिवाय ते म्हणायचे, आज जो टुकडा नको वाटतो, तोच उद्या लागतो. मी तो कायदा कधीच मोडला न्हाई. मोडला असता तर आज बरं झोपलो असतो.

उस्तादांचा एकुलता एक मुलगा हमीद आणि माझा चुलत भाऊ नामदेव, दोघं एका शाळेत एका बाकावर होते. नामदेव टेंभुर्णीकडच्या एका खेड्यातला, शिक्षणासाठी माझ्याकडं राहायचा. शाळा सुटली की दोघं माझ्या अंधाऱ्या खोलीत. आमच्या चित्राला आवाज नव्हता, म्हणून मधूनमधून अक्षरांच्या पाट्या लागायच्या. मराठी पाटी नामदेव रंगवायचा, उर्दू हमीद. हमीदचं अक्षर असं की उर्दू न येणारानंही थांबून बघावं.

सत्तेचाळीसनंतर सहा महिन्यांत ही दोन्ही पोरं माझ्या डोळ्यांदेखत बदलली. नामदेवच्या पिशवीत संस्थान भारतात सामील करा अशी पत्रकं सापडली म्हणून करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, शिपायांनी त्याला गुरासारखं बडवलं. हमीद स्टेशनवर जायचा, दूरदूरहून घरदार सोडून आलेल्या मुसलमान कुटुंबांना पाणी द्यायला. त्यांच्या तोंडून त्यानं जे ऐकलं ते ऐकून तो दोन दिवस जेवला न्हाई. दोघांचं दुखणं खरं होतं. त्या दुखण्यावर हात ठेवणारी वडीलधारी माणसं कमी पडली आणि फुंकर घालणारे वक्ते मात्र रोज येऊ लागले. एकदा पाटी रंगवता रंगवता दोघं हमरीतुमरीवर आले, राज्य कुणाचं यावरून. मी म्हणालो, आधी पाट्या वाळवा, मंग राज्य वाटून घ्या. दोघंही हसले. मला वाटलं, पोरं आहेत, ओसरेल. आठवड्याभरात नामदेव सरहद्द ओलांडून वऱ्हाडातल्या छावणीत गेला. हमीदनं खाकी कपडे शिवले आणि संस्थानाच्या बाजूनं गावात उभ्या राहिलेल्या हत्यारबंद दलात नाव घातलं.

त्या दलाचा गावचा म्होरक्या, त्याला सालार म्हणत, शेठजींकडं आला. आमच्या पोरांची कवायत पडद्यावर आली पाहिजे, म्हणाला. शेठजींची काय बिशाद नाही म्हणायची. उस्तादांना कळलं तेव्हा ते माझ्याकडं आले. हमीदला रोखणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की टिपायचं तर लांबून टिप, कुणाचाही चेहरा घेऊ नकोस. मी हो म्हणालो.

जिनिंगच्या मागच्या मैदानात गेलो तर पस्तीस पोरं. ठासणीच्या चार बंदुका, बाकी सगळ्यांकडं बांबू. पाय एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा. शाळेतली कवायत बरी. आता यापुढं जे झालं ते सालारनं सांगितलं नव्हतं, शेठजींनी सांगितलं नव्हतं. ही अक्कल माझी. मला वाटलं, हे पडद्यावर दाखवलं तर लोक हसतील, आणि सालारला न्हाई, मला हसतील. एक नाटक कंपनी बुडाली तेव्हा तिची ट्रंक टॉकीजमध्ये पडून राहिली होती. तीत काळा रंग दिलेल्या लाकडी बंदुका होत्या. त्या आणवल्या. पोरांना सांगितलं, कॅमेऱ्यासमोरून जा, भिंतीमागून वळा, टोप्या बदला, परत या. नाटकात सात जणांची फौज करतात तशी. पाच फेऱ्या झाल्या. पस्तीस पोरांची पावणेदोनशे झाली.

हमीदला मी पुढं घातलं. तो ताठ चालायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड चांगला पडायचा. उस्तादांचं सांगणं मी विसरलो असं न्हाई, बाजूला ठेवलं. तीन फेऱ्यांत तो अगदी कॅमेऱ्याजवळून गेला. तिसऱ्या खेपेला त्याच्या बंदुकीची नळी दस्त्यातून सुटली आणि धुळीत पडली. मागची पोरं त्याच्यावर आदळली. सगळे खिदळायला लागले. हमीदनं नळी उचलली, काखेत मारली आणि माझ्याकडं बघून हसत सलाम ठोकला. मी हँडल फिरवतच होतो. हाताला सवय असते.

कापताना तो तुकडा मी काढला. दोन हात लांब असेल. फौजेतला माणूस हसताना शोभत न्हाई. चिठ्ठीवर लिहिलं, ‘हमीद, नळी पडली’, आणि डब्यात ठेवला.

चित्र लागलं त्या दिवशी टॉकीज गच्च भरली होती. पावणेदोनशे बंदूकवाले पडद्यावरून गेले, हमीदचा चेहरा दरवाज्याएवढा. अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेले अर्धे उठले आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत गाड्या भरायला लागल्या. माझ्या शेजारचं कुटुंब चूल तशीच ठेवून वऱ्हाडात निघून गेलं. मी त्यांना दारात जाऊन सांगू शकत होतो की बाबांनो, चार सोडल्या तर बंदुका लाकडी आहेत आणि तीच पोरं पाचदा गेली आहेत. सालारची भीती होती हे खरं. पण कबूल करतो, थोडा अभिमानही होता. लोक पळत होते ते माझं काम बघून.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात नामदेवच्या गावावर हत्यारबंद टोळी आली. दिवस मावळताना आली, तोंडाला फडकी बांधून आली, दहा-बारा घरं पेटवून गेली. नामदेवचा बाप, म्हणजे माझा सख्खा काका, दारात आडवा झाला तो तिथंच संपला. मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारा माणूस. त्याला खांदा द्यायला मी गेल्तो, आणि नामदेव छावणीतून लपत आल्ता. तो रडला न्हाई, बापाचा फेटा उचलून डोक्याला बांधला आणि परत गेला.

मंग सप्टेंबरात भारताची फौज आली, पोलीस ॲक्शन झाली आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं. संपलं असं आम्ही म्हणतो. त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या मुसलमान घरांवर जे गुदरलं त्याबद्दल आमच्याकडं कुणी तोंड उघडत न्हाई, मीही आजवर कुठं उघडलं? उस्तादांच्या दुकानाच्या काचा फोडल्या ते त्यांच्याकडून फोटो काढून घेतलेलेच लोक होते. हमीदला पोलिसांनी घरातून धरून नेलं. नामदेवच्या गावावर आलेल्या टोळीचा तो म्होरक्या, असा आरोप.

तो त्या संध्याकाळी तिथं होता का नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकत न्हाई. उस्ताद म्हणायचे, तापानं घरी झोपून होता. बापाचा शब्द कोण धरणार? पण त्याच्याविरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा म्हणून जे पुढं आलं ते माझं चित्र होतं, आणि ते खोटं आहे हे जगात मला पक्कं ठाऊक होतं. चौकशीच्या आदल्या दिवशी उस्ताद आले. माझ्यासमोर कधी न वाकलेला माणूस, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

“इतनाच बोल दे, बेटा,” म्हणाले. “बोल, लकडी की थी.”

मी म्हणालो, बोलतो. ते गेल्यावर डबा उघडला, चिठ्ठी बघून ती पट्टी काढली, गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्यांना तिच्याबद्दल सांगितलं न्हाई. उद्या सगळ्यांसमोर काढीन, मंग कळेलच, असं मनात होतं.

भर दुपारी रिकाम्या टॉकीजमध्ये चित्र लावलं. बाहेरून आलेला एक अधिकारी, त्याचा कारकून, नामदेवच्या गावचे तिघे जण, आणि बापाचा फेटा बांधलेला नामदेव. हमीद पडद्यावर आला तसा नामदेव उभा राहिला. “ह्योच,” म्हणाला. “ह्यो म्होरं होता.” तो स्वतः त्या संध्याकाळी छावणीत होता, गावानं सांगितलं तेच बोलला. मागोमाग तिघेही म्हणाले, हाच. ती माणसं खोटं बोलत नव्हती, हे मला आजही वाटतं. तिघांनीही हे चित्र याच टॉकीजमध्ये पाहिलं होतं. त्या संध्याकाळी त्यांना फक्त फडकी दिसली होती. फडक्याआड ठेवायला त्यांच्याकडं एकच चेहरा होता आणि तो मीच त्यांना दिल्ता.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, चित्र तुमचं? मी हो म्हणालो. मंग म्हणालो, साहेब, यातल्या पुष्कळ बंदुका लाकडी आहेत. त्यानं मान वर केली. आवाज चढवला न्हाई. लाकडी कुणी आणल्या, विचारलं. मी. पोरांना असं कुणी चालवलं? म्हणजे दलासाठी प्रचाराचं चित्र तुम्ही बनवलं, असं लिहू का? कारकुनाचा टाक थांबला होता. नामदेव माझ्याकडं बघत होता, आणि फेट्याखालचा तो चेहरा थेट काकाचा होता.

“माझ्या बापाकडं बघ, दादा,” तो म्हणाला. “न्हाई तर हमीदकडं बघ. दोन्हीकडं बघता येणार न्हाई.”

मी म्हणालो, माझी काही चूक झाली असेल, साहेब. कारकुनानं कागद पुढं केला. जे घडलं तेच टिपलेलं आहे, काही मांडलेलं न्हाई, काही वगळलेलं न्हाई, असं त्यावर होतं. वगळलेलं माझ्या खिशात होतं. मी सही केली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. माझं गोत कोणतं, काकाचं का उस्तादांचं, हे मला त्या दुपारी कळलं न्हाई. मी फक्त स्वतःला वाचवलं. बाकीचं नंतर रचलेलं आहे.

खटला उभा राहायच्या आधीच, त्या थंडीत, हमीद तुरुंगात तापानं गेला. उस्तादांना त्याच्या कपड्यांचं गाठोडं मिळालं.

चाळीस दिवस मी त्यांच्या गल्लीत पाऊल टाकलं न्हाई. मंग गेलो, पट्टी घेऊन. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. त्यांच्या घरात हमीदचा एकही फोटो नव्हता. फोटोवाल्याच्या घरी नसतोच, आज काढू, उद्या काढू. वाटलं, निदान हे द्यावं. उस्तादांनी पट्टी खिडकीच्या उजेडाला धरली. हाताला कंप, म्हणून कोपर चौकटीला टेकवलं. भिंग लावून एकेक चित्र वरून खाली बघत गेले. नळी सुटली, पडली. हमीद वाकला, उठला. हसला. सलाम केला. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मी उभा होतो, बस म्हणाले न्हाईत.

“ये कब से था तेरे पास?”

मी सांगितलं, पहिल्यापासून. चौकशीच्या दिवशीही होतं. खिशात.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं आता हात उचलतील, आणि उचलावा असं मला फार वाटत होतं. त्यांनी पट्टी गुंडाळली, चिठ्ठी नीट लावली आणि माझ्या हातात परत दिली.

“अच्छा निकला है,” म्हणाले. “फोकस बराबर है.”

त्यानंतर ते माझ्याशी बोलले न्हाईत. महिन्याभरात दुकान मोडून हैदराबादला बहिणीकडं गेले. लाकडी कॅमेऱ्याची दुरुस्तीसाठी नेलेली घोडी माझ्या दाराशी ठेवून गेले, स्वच्छ पुसून. मी पुन्हा हलतं चित्र टिपलं न्हाई. नवीन जालन्यात दुकान टाकलं, लग्नांचे आणि परवान्याचे फोटो काढले, त्यावर घर चाललं. नामदेवला पुढं स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळाला. मिळायलाच हवा होता. मरेपर्यंत त्याची खात्री होती की बापाला मारणारा हमीदच. मी त्याला कधी काही सांगितलं न्हाई, दोघं म्हातारे होऊन एका ओसरीवर चहा प्यायचो तरी.

गेल्या वर्षी पुण्याहून एक मुलगी आली. त्या काळात पोरांनी, दोन्ही बाजूंच्या, हातात हत्यार कसं घेतलं, यावर ती जुनी चित्रं जमवून माहितीपट करून राह्यली होती. सोबत छोटा टीव्ही आणि कॅसेट. तिनं बटण दाबलं आणि माझ्यासमोरून पावणेदोनशे पोरं चालत गेली. माझं चित्र कुठल्याशा थंड खोलीत जपून ठेवलेलं निघालं, ओरखडा न्हाई, डाग न्हाई. ती आदबीनं म्हणाली की आजोबा, जमवलेल्या सगळ्या चित्रांत हेच भरवशाचं, कारण याच्याबरोबर तुमच्या सहीचा कागद आहे.

मी तिला सगळं सांगितलं, जसं इथं सांगितलं तसं. तिनं चित्र मागं नेलं, पुढं नेलं. हमीद एकदा, दोनदा, तीनदा. तिला दिसला. तिनं विश्वास ठेवला, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. मंग तिनं विचारलं की याला आधार काही आहे का? मी उठून बिस्किटाचा डबा आणला. कित्येक वर्षांत उघडला नव्हता. झाकण निघेना, तिनंच पिळून काढलं. आतून आंबट, उग्र वास आला. पट्टी कसली, पाणी सुटलेल्या गुळासारखा तपकिरी खडा झाला होता, त्यात चिठ्ठीही चिकटून गेली होती. ती जुनी फिल्म अशीच विरघळते म्हणे, थंडाव्यात ठेवली न्हाई तर.

तिनं रुमालानं बोटं पुसली. यात काय होतं, विचारलं.

“एक पोरगं हसत होतं,” मी म्हणालो. “त्याच्या काखेत मोडकी लाकडी बंदूक होती.”

तिनं वहीत लिहायला घेतलं, मंग थांबली. म्हणाली, आजोबा, मी लिहिते, पण हे दाखवता यायला पाहिजे होतं.

मी म्हणालो, “आलं असतं की, बाई. भर दुपारी, टॉकीजमध्ये. खिशातच होतं.”